दुन्या मिखाईल आधी पत्रकार होती
कुणीतरी म्हटलंय की इराकी कवयित्री दुन्या मिखाईल म्हणजे युद्धाच्या कविता, बास. अहो पण ती पत्रकारही होती ना! जन्म बगदादचा, १९६५ चा, तिथेच बगदाद ऑब्झर्व्हर या इंग्रजी पेपरात नोकरी, मग सद्दामच्या राजवटीत लिखाणावरून त्रास वाढला तशी नव्वदच्या दशकात जॉर्डनमार्गे अमेरिकेत गेली. तिच्या एका कवितेत युद्ध कष्टाळू माणसासारखं सकाळी लवकर कामाला लागतं, सायरनला उठवतं, अँब्युलन्स पाठवतं... वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं मला. पण तिच्यातली पत्रकार बघायची असेल तर इंग्रजीत २०१८ ला आलेलं 'द बीकीपर' वाचाच, उत्तर इराकमधल्या सिंजारचा एक मधमाश्या पाळणारा माणूस आयसिसने पळवलेल्या यझिदी (तिथला एक अल्पसंख्याक धर्मसमाज) बायकांना सोडवायचा आणि ही अमेरिकेतून फोनवर त्याच्याकडून एकेकीची हकीकत ऐकून घ्यायची.