दीड बाटली स्पार्कलिंग वाईन उरलीय, ओतून देववत नाहीये

गंगापूररोडकर
मंडळी, रविवारी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. धाकट्या दिरांनी दिंडोरीहून चार बाटल्या आणल्या. बुचं उडाली, फोटो निघाले, आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळे पुरुष आपापल्या नेहमीच्या ब्रँडकडे वळले. चौथी बाटली तर भाच्याने नुसता आवाज ऐकायला उघडली! आता एक अर्धी आणि एक जवळजवळ भरलेली अशा दोन बाटल्या फ्रीजच्या दारात उभ्या आहेत. जाऊबाईंनी दोन्हींच्या तोंडात चमचा अडकवलाय, म्हणे गॅस टिकतो. आज मंगळवार. भरलेलीत थोडे बुडबुडे आहेत, अर्धी पार बसलीय. मला दोन घोटांवर चालत नाही आणि नवरा म्हणतो 'आंबट सोडा'. स्वयंपाकात काही करता येईल का? सासूबाई दारूला शिवत नाहीत, त्यांच्या ताटात चोरून घालायची नाहीये. तसले सल्ले नकोत.

तळघरातला
वायनरीत नऊ वर्षं काढली, म्हणून लिहितो. चमच्याने काहीही होत नाही. तुमच्या बाटलीत बुडबुडे टिकलेत ते थंडीमुळे. द्रव जितका गार तितका गॅस त्यात विरघळून राहतो. भरलेलीत जास्त टिकले कारण वर रिकामी जागा कमी. बंद बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, तो चमचा काय अडवणार? पंजे असलेलं स्टीलचं झाकण मिळतं, ते बाटलीच्या गळ्याला धरून बसतं. त्याने दोन-तीन दिवस निभावतात. मूळ बूच ठोकून बसवू नका, आणि बंद बाटली फ्रीझरमध्ये विसरू नका, फुटते.

दुसरं. या वाईनसाठी द्राक्षं मुद्दाम लवकर, आंबट असतानाच तोडतात. त्यामुळे आटवून सॉस करायला गेलात तर आंबटपणाही आटून दाट होतो. एकतर साखर घाला, नाहीतर थोडीच वापरा. लेबलवर 'ब्रूट' आहे की 'एक्स्ट्रा ड्राय' ते बघा. 'ड्राय' म्हणजे कमी गोड, म्हणून नावावरून उलट वाटतं, पण एक्स्ट्रा ड्राय ब्रूटपेक्षा जास्त गोड असते. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात काही करू नका.

वसईची_माई
अगो, तिसऱ्या आण, शिंपल्या गं! बटरमध्ये भरपूर लसूण नि कांदा परत, धुतलेल्या तिसऱ्या टाक, वर ती बसलेली वाईन एक कप, झाकण ठेव. पाचेक मिनिटांत तोंडं उघडतात. ज्या उघडत नाहीत त्या फेकायच्या. मीठ घालू नको, तिसऱ्यांचं पाणी खारटच असतं. पाव हवाच, तो रस्सा टाकून दिलास तर माझ्याशी बोलू नको.

बुडबुडेवाली कोळंबीच्या पिठात घाल. मैदा नि कॉर्नफ्लोर, वाईन अगदी तळायच्या क्षणी. दारू पाण्याआधी उडते म्हणून कवच कुरकुरीत होतं. बेसनाच्या भज्यांना एवढा फरक पडत नाही, करून पाहिलंय.

आंबवणारा
व्हिनेगर लावा. १२ टक्के अल्कोहोलची असेल तर दोन वाट्या वाईनला एक वाटी पाणी, म्हणजे ८ टक्क्यांवर येते. त्यात तळाशी गढूळ थर असलेलं, न उकळलेलं व्हिनेगर अर्धी वाटी. रुंद तोंडाची काचेची बरणी, वर मलमल नि रबर. झाकण नको, व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. अंधारात दोन महिने. आधी भरपूर ढवळून गॅस घालवा.

सदू
एवढं करण्यापेक्षा पिऊन टाका की.

तळघरातला
सदूभाऊ, बसलेली प्यायची तर आधी नाकाला विचारा.

आणि एक राहिलं. शिजवल्यावर दारू 'पूर्ण उडते' हे खरं नाही. पंधरा मिनिटं उकळून साधारण ४० टक्के उरते. जे घेत नाहीत त्यांना सांगूनच वाढा.

गंगापूररोडकर
अहवाल देते. नाशकात मंगळवारी तिसऱ्या कुठल्या मिळायला, कोळंबीवर भागवलं. माई, कवच खरंच हलकं झालं, मात्र पहिला घाणा मी तेल कमी तापलेलं असताना सोडला आणि तो मऊ पडला. बसलेल्यातली एक वाटी समान साखरेबरोबर जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात उकळून पाक केला आणि स्ट्रॉबेरीवर घातला. जाऊबाईंनी वाडगा चाटला. चमच्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उरलेलं सगळं व्हिनेगरला. सासूबाईंना बरणीत काय आहे ते स्पष्ट सांगितलं. "मी पिणार नाही," म्हणाल्या, आणि माझं मलमल सैल म्हणून सोडून लोणच्याच्या दादऱ्यासारखं स्वतः घट्ट बांधलं. बरणीला ओला हात लावायचा नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे. रोज सकाळी देवपूजा झाली की वास घेऊन सांगतात, "अजून नाही झालंय गं तुझं."