पशुवैद्यकीय शिक्षणाची ओढ आहे. अकरावीपासून तयारी कशी करावी?

प्रश्न : अकरावी विज्ञान, ठाणे

नमस्कार. मी ठाण्यात राहते आणि बारावीनंतर पशुवैद्यकीय पदवीला, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.ला, प्रवेश घ्यावा असे मनाशी ठरवले आहे. आमच्या परिसरातील भटक्या कुत्र्यांचे लसीकरण करणाऱ्या मंडळींबरोबर मी सुट्टीच्या दिवशी जाते. अंगभर गोचीड झालेले, ताप चढलेले कुत्रे उपचारानंतर पुन्हा खायला लागते, तेव्हा हेच काम आपण आयुष्यभर करावे असे वाटते. घरी मात्र दोन आक्षेप आहेत. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळाले तर एमबीबीएस का करू नये, असे वडील विचारतात. आणि परळचे महाविद्यालय मिळाले नाही तर परभणी किंवा उदगीरला एकटीने जायचे नाही, असे आईचे म्हणणे आहे. शिवाय गाय-म्हैस मी आजवर लांबूनच पाहिली आहे. कुत्र्या-मांजरांवरचे प्रेम एवढ्या भांडवलावर हा अभ्यासक्रम निभावेल का? आणि येत्या दोन वर्षांत मी नेमके काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, ऐरोली

प्रवेशाचे आधी सांगते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवरच लागते. देशपातळीवरच्या 15 टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते. राज्यातील बाकीच्या जागांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. एमबीबीएसचा अर्ज भरला की यातच सगळे आले, असे समजून पुष्कळ मुले ही तारीख हुकवतात, म्हणून हे आवर्जून लिहिते आहे. नीटच्या 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, तेव्हा अकरावीचे प्राणीशास्त्र आतापासूनच पक्के कर.

या प्रवेशात मुलाखत नसते. तू इथे का येते आहेस, हे तुला कोणीही विचारणार नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न तू स्वतःला विचारायला हवास. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या प्रयोगशाळेत गाय हा मुख्य नमुना धरून अभ्यास सुरू होतो, आणि मग घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी यांच्यात काय वेगळे आहे ते लक्षात ठेवावे लागते. खांद्याचे हाड हातात दिले की ते कोणत्या प्राण्याचे आणि उजवे की डावे, हे सांगता यावे लागते. मृत प्राण्यांचे अवयव टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मॅलिन द्रावणाने डोळे चुरचुरतात, पाठांतराचे ओझेही मोठे असते. केवळ कुत्र्यांच्या ओढीने आलेल्या माझ्या काही वर्गमित्रांना हे वर्ष फार जड गेले. हा अभ्यास साडेचार वर्षांचा आहे आणि त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते, हेही घरी स्पष्ट सांगून ठेव.

उत्तर : पशुवैद्य, खारघर

तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्यापाशी तयार हवे. एमबीबीएस हुकले म्हणून इथे आलेले अनेक जण उत्तम पशुवैद्य झालेले मी पाहिले आहेत, त्यामुळे पहिली पसंती हीच असली पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण या कामाचे स्वरूप माहीत नसताना येऊ नये, एवढे मात्र मी निक्षून सांगेन.

रुग्ण बोलत नाही, ही अडचण सर्वांना दिसते. त्याहून अवघड गोष्ट अशी की निर्णय रुग्णाचा नसतो, खर्च करणाऱ्याचा असतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने रक्ताचे जुलाब लागलेले पिल्लू टेबलावर ठेवलेले असते, सलाईन आणि औषधांवर काही दिवस ठेवले तर ते वाचण्याची आशा असते, आणि समोरचे कुटुंब हलक्या आवाजात खर्च विचारते. अशा वेळी त्यांना न दुखावता खरी परिस्थिती सांगणे, जमेल तेवढा उपचार सुचवणे आणि लस वेळेवर का हवी होती हे दोष न देता समजावणे, हा माझ्या कामाचा निम्मा भाग आहे. प्राण्यांवर प्रेम आहे पण माणसांशी बोलणे नको, अशी ज्यांची वृत्ती असते त्यांना हा व्यवसाय दमवून टाकतो. तुम्ही लसीकरणाला जाता तेव्हा कुत्र्याइतकेच त्याला खाऊ घालणाऱ्या आजींकडे आणि तक्रार करणाऱ्या रहिवाशांकडेही लक्ष द्या.

एक सूचना तातडीची आहे. भटकी कुत्री हाताळत असाल तर डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्या, आणि ती घेतली असली तरी चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन लगेच रुग्णालयात जा. लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजारापासूनही जपा. पावसाळ्यात आपल्याकडे तो उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही होतो. प्राण्यांचे आणि माणसांचे आरोग्य किती जवळून जोडलेले आहे, हे वडिलांना सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

उत्तर : निवृत्त पशुधन विकास अधिकारी, मुरबाड

बाळ, तू गाय-म्हैस लांबूनच पाहिली आहेस, हीच तुझ्या तयारीतली खरी उणीव आहे आणि ती भरून काढता येते. कल्याण-भिवंडीकडे म्हशींचे तबेले आहेत. एखाद्या मालकाची परवानगी काढून, घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, पहाटे धारेच्या वेळी जा. जनावराच्या मागे एकदम जायचे नाही. बाजूने, आवाज देत, हात फिरवत जवळ जायचे. रवंथ चालू आहे का, शेण कसे पडले आहे, नाकपुडी ओलसर आहे का, एक जनावर इतरांपासून दूर का उभे आहे, हे बघायला शीक. चांगला गवळी दूध काढता काढता कास गरम लागली की कासदाहाची, म्हणजे कासेला सूज आणणाऱ्या आजाराची, शंका बोलून दाखवतो. त्याला प्रश्न विचार, तो मनापासून सांगेल.

मला या कामाची गोडी कशामुळे टिकली, तेही सांगतो. व्यालेली गाय दुसऱ्या दिवशी बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात, आणि घरातली माणसे तिच्या आशेवर पाणी सोडून बसलेली असतात. हा दुग्धज्वर. चिकात आणि दुधात एकाएकी कॅल्शियम निघून गेल्याने रक्तातले प्रमाण घसरते आणि स्नायू काम करेनासे होतात. स्नायूंच्या आकुंचनाला कॅल्शियम का लागते, हे तुझ्या अकरावीच्या पुस्तकात आहेच. शिरेतून कॅल्शियम द्यायचे, पण अगदी सावकाश आणि हृदयाचे ठोके ऐकत, कारण घाई केली तर हृदय बंद पडते. बाटली संपत येते तशी गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते, आणि पुष्कळदा थोड्या वेळात उठून उभी राहते. ज्या घराचा महिना त्या दुधावर चालतो, त्या घरातल्या बाईचा चेहरा तेव्हा पाहावा.

आता आईच्या आक्षेपाविषयी. परळचे महाविद्यालय 1886 सालचे आहे, त्याचा लौकिक मोठा आहे आणि लहान प्राण्यांचे रुग्ण तिथे भरपूर येतात. पण गाई-म्हशी, शेळ्या, बैल यांच्यावर हात बसवायचा असेल तर परभणी, उदगीर किंवा शिरवळला जे रोज समोर येते त्याचे मोल फार आहे. मुलींसाठी वसतिगृहाची सोय कशी आहे, हे आईने स्वतः जाऊन पाहावे आणि तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलींशी बोलावे. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्या बोलण्याने तिची काळजी लवकर मिटेल. पसंतीक्रम भरताना परळ पहिले लिही, पण त्याखालच्या ओळी कोऱ्या ठेवू नकोस.