फील्डवरच्या टीमसाठी आठ फोन: नवे स्वस्तातले की रिफर्बिश्ड भारीतले?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात तासगाव-कवठेमहांकाळ भागात आम्ही दोघी एक छोटं स्टार्टअप चालवतो. आमच्या टीममधली मुलं बाइकवरून द्राक्षांच्या बागेबागेत जातात, पानांचे फोटो काढून जागेच्या नोंदीसह अ‍ॅपमध्ये टाकतात आणि आमची तज्ज्ञ मैत्रीण वेलीला भुरी रोग आहे की डाऊनी ते बघून शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला देते. आजवर सगळे स्वतःचेच फोन वापरत होते. पण शेतकऱ्यांचे नंबर, गट क्रमांक, बागेचे फोटो कुणाच्या खासगी फोनमध्ये पडून राहावेत हे मला पटत नाही. म्हणून द्राक्षवेलींच्या ऑक्टोबर छाटणीच्या आत आठ फोन घ्यायचे आहेत. एका फोनला १८-१९ हजारांपर्यंत जाऊ शकतो.

या पैशांत नवा साधा ५जी फोन येतो, नाहीतर चार वर्षांपूर्वीचा भारी फोन रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला मिळतो. कॅमेरा महत्त्वाचा, बॅटरी दिवसभर पुरायला हवी आणि उन्हात स्क्रीन दिसायला हवी. काय करू?

पिंपळपार
रिफर्बिश्डच घ्या ताई. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२१ एफईसारख्या फोनचा कॅमेरा आजही नव्या स्वस्त फोनला ऐकत नाही. शिवाय स्वस्त फोनवर मिरवतात ती २ मेगापिक्सेलची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स पानाच्या फोटोसाठी कुचकामी आहे. मुख्य कॅमेऱ्याने वीतभर लांबून फोटो काढायचा आणि मग त्यातला हवा तेवढा भाग कापून घ्यायचा.

सोल्डरगन
मॅक्रोबद्दल सहमत, बाकी नाही. मी कोल्हापुरात मोबाइल दुरुस्ती करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एस२१ एफई जानेवारी २०२२ मध्ये आला. पाच वर्षांची सुरक्षा अपडेट धरली तर २०२७ च्या सुरुवातीला त्याचा हिशेब संपतो. ज्यात दुसऱ्यांची माहिती ठेवायची त्या फोनला अपडेट किती वर्षं राहिलीत, हा माझ्या लेखी पहिला प्रश्न, कॅमेरा त्यानंतर. याउलट गॅलेक्सी ए१६ ५जी घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ ला आला आणि सहा वर्षांची अपडेट कबूल केलेली आहेत. एमोलेड स्क्रीन आहे, उन्हात वाचता येते. प्रोसेसर साधाच आहे, पण तुमच्या कामाला पुरेल.

दुसरं म्हणजे बॅटरी. लिथियम-आयनला उष्णता मानवत नाही, आणि तुमच्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. आधीच चार उन्हाळे काढलेली बॅटरी नव्या उन्हाळ्यात दुपारीच मान टाकते. बॅटरी बदलून देतात, पण ती कुठल्या दर्जाची ते बाहेरून कळत नाही. आणि एकदा उघडलेल्या फोनच्या पाणीरोधक रेटिंगवर विसंबू नका. फवारणीच्या ओल्या हातांनी फोन धरणार असाल तर हे लक्षात घ्याच. पिक्सेल ६ए स्वस्तात दिसला तरी सोडा. जुलै २०२५ पासून गुगलनेच त्याची बॅटरी ४०० चार्जिंगनंतर कमी क्षमतेवर चालवायला सुरुवात केली आहे.

तरीही जुनाच घ्यायचा ठरलं तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, नंबर डुप्लिकेट आहे का ते लगेच कळतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. मग विकणाऱ्याला समोर बसवून त्याचं गुगल खातं काढायला लावा. नाहीतर रीसेट केल्यावर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो आणि तुमचे पैसे अडकतात.

ताळेबंद
जीएसटीचा मुद्दा कुणीच काढला नाही. नव्या फोनच्या बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर घातला तर १८ टक्के कर क्रेडिट म्हणून वळता करता येतो. १८,९९९ च्या फोनवर ही रक्कम सुमारे २,९०० होते, आठ फोनांचे २३ हजारांच्या वर. व्यक्तीकडून जुना घेतला तर यातलं काही नाही.

मात्र एक मेख आहे. शेतीची विस्तार सेवा, म्हणजे शेतकऱ्यांना शेतीचं ज्ञान पोचवणं, जीएसटीतून मुक्त आहे, आणि करमुक्त सेवेसाठी घेतलेल्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही. तुमचं उत्पन्न कशात बसतं हे सीएंना विचारूनच हा आकडा धरा.

द्राक्षवेल
ताळेबंद, हे फार मोलाचं सांगितलंत. आम्ही क्रेडिट गृहीतच धरलं होतं! उद्याच सीएंशी बोलते. सोल्डरगन दादा, तुमचं वाचून नव्याकडेच कल झालाय. काही बागा जतच्या बाजूला आहेत, तिथे रेंजची बोंब असते. फोन निवडताना त्यासाठी काही बघावं का?

टॉवरखाली
बँड, म्हणजे फोन कुठल्या लहरींचे पट्टे पकडतो ते बघा. जिओचं ५जी एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झवर आणि एन७८ वर चालतं. ७०० ची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते, म्हणून खेड्यात तीच कामाची. २०२२ च्या लिलावात हा पट्टा फक्त जिओने घेतला होता. बॉक्सवर नुसतं ५जी लिहिलेलं पुरेसं नाही, कंपनीच्या साइटवर बँडची यादी वाचा. खरं तर यापेक्षाही महत्त्वाचं असं की अ‍ॅपमध्ये नेट नसताना फोटो साठवून नंतर पाठवायची सोय करा. तेवढं जमलं तर ४जी सुद्धा पुरतं.

घाटमाथा
बाइकच्या हँडलला फोन लावू देऊ नका. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिघडू शकतं, हे खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. भारी फोनांत हे स्थिरीकरण असतंच, त्यामुळे त्यांना धोका जास्त. फोन खिशात, रस्ता कानात.

द्राक्षवेल
ठरलं, आठही नवे आणि एकाच मॉडेलचे घेतो. म्हणजे कव्हर, चार्जर एकमेकांना चालतील आणि फोटोंचा रंगही सारखा येईल. मैत्रिणीला निदान करताना त्याचा उपयोग होतो. एकच शंका: कामाव्यतिरिक्तची अ‍ॅप बंद ठेवायची आणि फोन हरवला तर इथूनच पुसायचा, हे जमतं का?

सोल्डरगन
जमतं. त्यासाठी एमडीएम, म्हणजे कंपनीचे फोन लांबून सांभाळायची सेवा लागते. नवा फोन पहिल्यांदा सुरू केल्यावर स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप करा, क्यूआर स्कॅनर उघडतो. सेवेने दिलेला कोड त्यात दाखवला की फोन कंपनीच्या ताब्यात येतो. हे आधी करायचं, गुगल खातं घालण्यापूर्वी. मुलांच्या हातात फोन देऊन नंतर करायला गेलात तर आठही फोन पुन्हा कोरे करावे लागतील.