मिशा कापल्या तर मेंदूत काय होतं

स्पर्शाचा मेंदूतला नकाशा, म्हणजे शरीराच्या कोणत्या भागाचा स्पर्श मेंदूत कुठे नोंदला जातो ते, लहानपणी एकदा ठरला की ठरला असं म्हणतात, त्यात थोडी भर घालते. उंदराच्या मेंदूत मिशीच्या प्रत्येक केसासाठी पेशींचा वेगळा गठ्ठा असतो, त्याला बॅरल म्हणतात, हे वूल्सी आणि व्हॅन डर लूस या संशोधकांनी १९७० मध्ये दाखवलं. नवजात पिल्लाच्या केसाचं मूळच नष्ट केलं तर त्याचं बॅरल नीट तयारच होत नाही आणि आठवड्याभराने तेच केलं तर बॅरल जागेवर राहतं, म्हणजे इथपर्यंत ते म्हणणं बरोबरच आहे.

पण मूळ शाबूत ठेवून केस नुसते कापले तर?? १९९३ मध्ये डायमंड आणि सहकाऱ्यांनी वयात आलेल्या उंदरांच्या एका बाजूचे शेजारशेजारचे दोनच केस ठेवले, बाकी सगळे कापले, आणि अवघ्या तीन दिवसांत एका शिल्लक केसाच्या बॅरलमधल्या पेशींचा प्रतिसाद दुसऱ्या शिल्लक केसाकडे झुकला, कापलेल्या शेजाऱ्याकडचा कमी झाला. रचना तीच, वापर बदलला! मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की बदल आधी मेंदूच्या बाह्य आवरणाच्या वरच्या आणि खालच्या थरांत दिसतो, बॅरल जिथे असतात तो चौथा थर मागाहून बदलतो.