विंडोज १० संपलं, टायपिंगच्या दुकानात आता काय टाकू?

पोरगा_दुकानातला
मंडळी, धोबी तलावाला लघुवाद न्यायालयापासून चार पावलांवर बाबांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, तिन्ही चौथ्या पिढीचे आय३, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ या मशिनींना दारातही उभं करत नाही. नवे तीन घ्यायची ऐपत सध्या नाही. लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकू का? आणि एक भाबडा प्रश्न: अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला झाला होता ना? मग लॅपटॉप घ्यायला गेलं की अजून विंडोजच का गळ्यात पडतं?

जुना_खिळा
बाबा कुठल्या कीबोर्डवर टाइप करतात, ते आधी सांग. बाकी सगळं नंतर.

पोरगा_दुकानातला
रेमिंग्टन. बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. फाइली सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखं दिसणारं मराठी) नाही.

जुना_खिळा
मग खरी गोम तिथेच आहे. त्या फाइली दुसरीकडे उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली तर वाचता येईल, छापताही येईल. पण त्या फॉन्टात टाइप करून देणारं सॉफ्टवेअर विंडोजचंच. नवीन कामाला युनिकोड घ्या. लिनक्सवर टायपिंगसाठी आयबस-एम१७एन आहे, त्यात हिंदी रेमिंग्टन आहे, पण 'ळ' कुठे बसवलाय ते बाबांनाच बघू दे. वकील दारात उभा असताना अक्षर शोधत बसायची वेळ यायला नको.

लिनक्सचाच एक प्रकार म्हणजे मिंट, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीत चालते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लावू नका.

तारयंत्र
खटल्याचं सांगतो. मे १९९८मध्ये अमेरिकेचं न्याय खातं आणि काही राज्यं कोर्टात गेली. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी जून २०००मध्ये कंपनीचे दोन तुकडे करा असा आदेश दिला. २००१मध्ये अपील कोर्टाने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका बराचसा कायम ठेवला, तुकड्यांचा आदेश मात्र रद्द केला. पुढे तडजोड.

लोकांना त्यातलं ब्राउझरचं भांडण आठवतं, मला बीओएस आठवतं, बी नावाच्या कंपनीची विंडोजला पर्याय असलेली सिस्टीम. हिताचीने एका मॉडेलमध्ये विंडोजबरोबर बीओएसही भरली होती, पण मशीन सुरू करताना ती निवडायची सोयच लपवलेली! गिऱ्हाइकाला घरात दुसरी सिस्टीम आहे याचा पत्ताच नाही. बी कंपनीचं म्हणणं होतं की मशीन बनवणाऱ्यांशी केलेल्या करारांनी आमची वाट अडवली. २००१मध्ये ती पामला विकली गेली, २००२मध्ये तिने दावा लावला आणि २००३मध्ये सुमारे २.३ कोटी डॉलर घेऊन मिटवला. कंपनी गेल्यावर पैसे आले. घोडं मेल्यावर हरभरे म्हणतात ते हेच. तिच्या वळणावर बेतलेली हायकू नावाची सिस्टीम आजही मिळते, पण दुकानात टाकू नका हो, ती हौसेची गोष्ट.

लॅमिंग्टनवाला
लॅपटॉपच कशाला? लॅमिंग्टन रोडला असेम्बल्ड घे, सिस्टीमशिवाय मिळतो. सेकंडहँड आठव्या पिढीचाही बघ, त्यावर विंडोज ११ चालतं. प्रिंटर कोणता ते तपासलंस का? एचपीच्या बऱ्याच मॉडेलांना लिनक्सवर एचपीलिप हा ड्रायव्हर चालतो. काही जुन्या लेझर प्रिंटरांनी मात्र माझे दोन रविवार खाल्लेत. आणि टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन असेल तर एक मशीन विंडोजवरच राहू दे.

जुना_खिळा
+१. त्या एका मशीनला मुदतवाढीचे अपडेट लावून घे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. बँकेची कामं मात्र त्यावर नकोत.

पोरगा_दुकानातला
पेनड्राइव्हवरून मिंट चालवलं. बाबांनी अर्ध्या तासात एक भाडेकरार टाइप केला, 'ळ'साठी दोनदा थांबले आणि एकदा माझ्याकडे बघितलं. झेरॉक्स मशीनच्या बाजूचा प्रिंटर चालला, काउंटरवरचा नाही. दोन मशिनींवर मिंट टाकतोय, काउंटरचं तसंच ठेवतो. शनिवारी लॅमिंग्टनला येतो, कुणी असेल तर चहा घेऊ.