सातवं वर्ष आणि पांझरेचा फड

माणूस सृष्टीचा मालक नाही, देवाने नेमलेला विश्वस्त आहे, असं म्हटलं की कुणीतरी विचारतं: बायबलनेच माणसाला सृष्टीवर सत्ता दिली, मग विश्वस्तपणा कसला? हाच आक्षेप इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 साली ‘सायन्स’ नियतकालिकात घेतला होता. पण ही सत्ता देणाऱ्या वचनावर, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या 1:28 वर, थांबू नका. 2:15 मध्ये बागेच्या मशागतीसोबत राखणही सांगितली आहे. खरा दम बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आहे. सातव्या वर्षी पेरणी नाही, द्राक्षवेलींची छाटणी नाही. आपसूक उगवेल त्यात मजूर, परके, गुरंढोरं, रानातली जनावरं, सगळ्यांचा वाटा. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची. तुम्ही तिथे उपरे.

आपल्या धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना (फडांना) वाटून देण्याची जुनी सामूहिक रीत, याच्या जवळ जाते. पाण्याचा अंदाज घेऊन यंदा किती फड भिजवायचे हे आधी ठरतं, एका फडात साधारण एकच पीक, पाण्याची पाळी पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, देणार. पाणी कमी असेल तर काही फड कोरडेच. श्रद्धेचा संबंध नाही, पण आधी मर्यादा, मग पीक. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलला केळीपायी बोअर खोल जात राहिले ते नेमके उलट्या क्रमाने.

विश्वस्तपणाच्या कल्पनेत एक कच्चा दुवा मात्र आहेच: विश्वस्त फक्त देवालाच जबाबदार धरला, तर शेजाऱ्याने हिशोब कुठे मागायचा? फडात पाटकऱ्याला खातेदार तिथल्या तिथे जाब विचारतात.