बिडाची शेगडी दोघांत कशी न्यावी?

पहाडवाली
चिखलदऱ्यात एक जुना बंगला पाडून राहिले. त्यातली लाकडावर चालणारी बिडाची शेगडी मालक मला देऊन राहिला. चार पाय, समोर दार, मागून धुराड्याचा पाइप. आमच्या गावात डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात. आईला दमा आहे, तरी घमेल्यात विस्तव घेऊन झोपावं लागतं. मालक वजन दीड क्विंटल सांगतो. माणसं दोनच, मी अन् बारावीतला भाचा. व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत, खाली बंडी लागते. कसं करावं?

जिनिंगचा फिटर
ताई, उचलायचं मनातूनच काढा. माझी हयात जिनिंग-प्रेसमधी गेली, असं धूड आम्ही सरकवतच नेत होतो.

आधी तिले हलकी करा. दार, वरची झाकणं, जाळी, राखेचा ट्रे, आतल्या विटा, पाइप, सारं काढून वेगळं न्या. पाय बोल्टाचे असतीन तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. बीड वाकत नाही, तडकते. पायावर ओढली तर पाय गेलाच समजा.

मंग पाच फुटी पहार घ्या. टोकापासून सहा इंचावर खाली लाकडी ठोकळा द्या. एका बाजूचं पाऊण क्विंटल आठ-नऊ किलोच्या दाबानं उठते, भाच्याले जड नाही. तो दाबीन, तुम्ही दुसरा ठोकळा काठीनं आत ढकला. हात आत घालू नका, पहार सटकली तर बोटं राहत नाहीत. एकाच बाजूनं लय उचलू नका. थोडं इकडून, थोडं तिकडून, अन् हरवेळी ठोकळा. फळी जाईन एवढी जागा झाली की फळीखाली दीड इंची पाइपाचे तीन-चार तुकडे टाका अन् ढकला. मागचा तुकडा सुटला की पुढं आणून लावा.

पायऱ्यांवरून उतरवूच नका. बंडीच्या चाकांसाठी दोन चर खणा, साटा, म्हणजे बंडीचा माल ठेवायचा तळ, व्हरांड्याच्या बरोबरीत आला पाहिजे. चराचं पुढचं तोंड उताराचं ठेवा, म्हणजे बैल बंडी काढतीन. चढवताना बैल सोडलेले, बंडीले पुढून-मागून टेकू, चाकांले दगडाची उटी. जाड फळ्या टाकून शेगडी सरळ आत घ्या अन् चारी अंगानं नाड्यानं आवळा. घाटउतारावर बंडीच्या पुढं कोणी चालू नका.

मेळघाटी
दाराच्या कडेला जुनी पांढुरकी दोरी असली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी खरवडू नका, तशीच राहू द्या. आणि घमेलं आजपासूनच बंद करा, ताई. बंद खोलीत विस्तवाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. शेगडी लावल्यावरही धुराड्याचं तोंड कवेलूंच्या वर, आढ्याच्याही वर न्या. पाइप वाशाला टेकू देऊ नका, लाकूड पेटतं.

पहाडवाली
घमेलं आज रात्रीच बाहेर. दादा, घरातली जमीन शेणानं सारवलेली आहे. पाइप रुतणार नाहीत?

जिनिंगचा फिटर
रुततीन. दारापासून फळ्यांचा रस्ता करा, दोन फळ्या आलटून-पालटून पुढं टाकत जा. बसवायच्या जागी आधीच विटांचा ओटा बांधून वरून शहाबादी फरशी टाका, भिंतीपासून दीड हात दूर. पण ओटा वीतभरापेक्षा उंच नको, नाही तर पहारीनं चढवता चढवता दिवस जाईन.